१०० केव्हीएचा कोअर लॉस : फेब्रुवारी ते मे २०२५च्या नोंदी

५ फेब्रुवारी, बुधवार

वीज कंपनीचे निरीक्षक आले होते. १०० केव्हीए, ११ केव्ही / ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे २५ नग. रेशो, रेझिस्टन्स, हाय व्होल्टेज, सगळं सुरळीत पार पडलं. अकराव्या नगावर गाडी अडली. कोअर लॉस (लोखंडी गाभ्यात वाया जाणारी वीज) १६७ वॅट, लोड लॉस (वाइंडिंगच्या, म्हणजे गुंडाळलेल्या तारांच्या, आत वाया जाणारी) १२४०. अर्ध्या लोडचा एकूण लॉस १६७ + ३१० = ४७७. आयएस ११८० या भारतीय मानकाच्या लेव्हल २ प्रमाणे मर्यादा ४७५. अधिकच्या बाजूला सूट शून्य. दोन वॅटसाठी अख्खा लॉट थांबला.

बाहेरच्या माणसाला हे गणित चमत्कारिक वाटतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. लोड निम्मा केला की वाइंडिंगमधला लॉस निम्मा होत नाही, चौथाई होतो, कारण तो करंटच्या वर्गावर चालतो. कोअर लॉस मात्र लोड असो-नसो तेवढाच. ट्रान्सफॉर्मर खांबावर चढला की रात्री सगळं गाव झोपलं तरी तो खातच राहतो. त्यामुळे ५० टक्क्यांच्या हिशोबात कोअरचा एक वॅट वाइंडिंगच्या चार वॅटांना भारी पडतो. १०० टक्के लोडची १६५०ची मर्यादा आपल्या डिझाइनला टोचतच नाही (१६७ + १२४० = १४०७). टोचते ती ४७५ची.

संध्याकाळी साहेबांचा हुकूम: कोअरच्या पत्त्या धरून ठेवणारे क्लॅम्प आवळा आणि परत टेस्ट करा. आवळले, १६१ आले. लॉट सुटला. क्लॅम्प आवळल्याने आले की आणखी कशाने, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेस्टिंगच्या रजिस्टरमधून याच डिझाइनचे मागचे ४० नग, बनले त्या क्रमाने, आलेख-कागदावर मांडले. संगणकावर झालं असतं, पण हाताने ठिपके काढताना प्रत्येक आकड्याकडे एकदा तरी बघावं लागतं.

सरासरी १४७. लागोपाठच्या दोन नगांतला फरक सरासरी ६.२. त्याला २.६६ने गुणलं की १६.५. म्हणजे नियंत्रण रेषा १३०.५ आणि १६३.५; काम नेहमीसारखं चालू असेल तर आकडे साधारण या दोन रेषांच्या आत पडतात.

आधी मी एक घोडचूक केली होती. १६५वर (४७५ वजा ३१०) लाल रेघ मारून तिलाच नियंत्रण रेषा म्हणालो. मग खोडली. १६५ ही गिऱ्हाइकाची रेघ आहे, १६३.५ ही आपल्या कामाची. दोन्ही इतक्या जवळ आहेत हाच तर आजार. आपलं काम आहे तसंच चालू राहिलं तरी अधूनमधून एखादा नग गिऱ्हाइकाच्या रेघेला जाऊन भिडणार. त्यासाठी कोणी विशेष चूक करायची गरजच नाही.

या तक्त्याचा जन्मही आपल्याच धंद्यातला. वॉल्टर शूहार्टने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एका पानाची टिपणी दिली, तीत पहिला नियंत्रण तक्ता होता. तो तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये, टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत, होता. शंभर वर्षं होऊन गेली. आमच्या भिंतीवर अजून ‘क्वालिटी हेच ध्येय’ची पाटी आहे, तक्ता नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मीटिंग. फिशबोन, म्हणजे कारणं शोधायची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती, काढला. माशाला २६ काटे लागले: पत्तीचा बर (कापताना उरलेली खरबरीत कड), कॉइलची बॅच, अ‍ॅनिलिंग (पत्ती तापवून सावकाश थंड करणं), क्लॅम्पचा टॉर्क, शिफ्ट, मीटर, आणखी काय काय. शेवटी सगळ्यांचं बोट गेलं ते ‘माणूस’ या काट्याकडे. जाणारच, तो एकच काटा समोर खुर्चीवर बसलेला असतो.

मी म्हणालो, की जास्त आलेले बरेच नग मामांच्या टोळीचे आहेत, ट्रेनिंग द्यायला हवं. मामा बावीस वर्षं स्टॅकिंग, म्हणजे पत्त्या रचून कोअर बनवायचं काम, करतात. काही बोलले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काट्यांना हात घालण्याआधी मीटर तपासायचा ठरवलं. एकच नग बाजूला काढला, लॉस अमुकच यावा असं कोणाला वाटू नये म्हणून नंबरावर टेप चिकटवली. टेस्टिंगमधली ताई, तिचा मदतनीस आणि रात्रपाळीचा टेस्टर, तिघांनी तीन-तीन वेळा मोजला. दिवसात वेगवेगळ्या वेळी.

नऊ रीडिंग: कमीत कमी १३९, जास्तीत जास्त १५१.

तोच नग, तेच लोखंड, आणि बारा वॅटचा फरक. हिशोब करून पाहिला. रजिस्टरमध्ये आपण जो चढउतार बघतो आहोत त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग (फरकांचे वर्ग करून मोजला तर) ट्रान्सफॉर्मरमध्ये नाहीच, टेस्ट बेंचवर आहे. ५ तारखेला १६७चे १६१ झाले ते क्लॅम्पमुळे झाले, असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. रात्री उशिरा टेस्ट केली म्हणूनही झाले असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताईबरोबर दिवसभर बेंचवर. दोन गोष्टी सापडल्या.

एक, साधी. ताई तिन्ही फेजचं व्होल्टेज बघून सरासरी ४३३ला आणते. रात्रपाळीचा टेस्टर फक्त आर फेज बघतो. आपल्याकडे फेज सारखे नसतात. कोअर लॉस व्होल्टेजच्या वर्गाहून जरा जास्तच वेगाने वाढतो, त्यामुळे एक टक्का इकडेतिकडे झालं की तीन-चार वॅट गेले.

दुसरी जरा खोल. व्होल्टेज आरएमएसवर (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) लावत होतो. पण कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) किती वर जाणार हे आरएमएस ठरवत नाही, व्होल्टेजच्या लाटेची सरासरी ठरवते. लाट शुद्ध साइन असली तर दोन्ही एकच सांगतात. वाइंडिंग मशीन आणि कॉम्प्रेसरचे ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं) चालू असले की आपल्या लाइनवर लाटेचा माथा चेपला जातो. मग आरएमएस ४३३ दाखवत असताना सरासरीवर चालणारा मीटर त्याहून जास्त दाखवतो, फ्लक्स वर जातो, लॉस फुगतो. रात्री ड्राइव्ह बंद असतात, लॉस उतरतो. स्टँडर्डमध्ये यासाठी स्पष्ट लिहिलेलं आहे: व्होल्टेज सरासरी मीटरवर लावा, आरएमएसही नोंदवा आणि दोघांच्या फरकाइतकी दुरुस्ती करा. आपला अ‍ॅनलायझर दोन्ही आकडे दाखवतो. दुसरा आकडा दिसायला एक बटण दाबावं लागतं. चार वर्षांत कोणी दाबलं नव्हतं.

ताई म्हणाली, ‘सर, मला वाटायचं ते बटण कॅलिब्रेशनवाल्यांचं आहे.’

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवी पद्धत बेंचवर मोठ्या अक्षरांत लावली. तोच टेप लावलेला नग पुन्हा नऊ वेळा मोजला: १४२ ते १४४. आता मीटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

३ मार्च, सोमवार

साहेबांशी वाद. त्यांचं म्हणणं, आकडा जास्त आला की क्लॅम्प आवळायचे आणि कमी आला की पुढच्या नगात दोन पत्त्या कमी करायच्या, हे आपण वर्षानुवर्षं करतो, त्यात चूक काय? सीआरजीओचा, म्हणजे कोअरच्या पत्त्यांच्या खास पोलादाचा, भाव त्यांना तोंडपाठ आहे. १००च्या एका कोअरला जवळजवळ १८५ किलो पोलाद लागतं, तेव्हा त्यांचंही अगदीच चुकत नाही. रजिस्टरच्या शेऱ्यांत हे सगळं आहे: ‘२ पत्ती कमी’, ‘३ पत्ती वाढव’, ‘क्लॅम्प टाइट’. ४० नगांत असे १४ शेरे.

तोंडी पटेना. मग तेल भरायच्या विभागातून नरसाळं आणलं, एक बेअरिंगची गोळी घेतली, फरशीवर खडूने फुली मारली. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग हा खेळ आपल्या शिबिरांत करून दाखवायचे. नरसाळं फुलीवर स्थिर धरून पन्नास वेळा गोळी सोडली, जिथे थांबली तिथे ठिपका. मग दुसरा डाव: गोळी जितकी डावीकडे गेली तितकं नरसाळं उजवीकडे सरकवायचं, प्रत्येक वेळी. म्हणजे साहेबांचीच पद्धत. दुसऱ्या डावाच्या ठिपक्यांचा पसारा उघड मोठा. गणितही तेच सांगतं, असं केल्याने फरकांचे वर्ग करून मोजलेला चढउतार दुप्पट होतो.

साहेब बराच वेळ फरशीकडे बघत होते. म्हणाले, ‘गोळी गोल आहे, पत्ती चपटी.’ पण पत्ती कमी-जास्त करणं आजपासून बंद. तेवढं पुरे.

११ मार्च, मंगळवार

शेऱ्यांशिवाय, नव्या मोजणीने, पहिले २० नग. सरासरी १४६, फरकांची सरासरी ४.३, रेषा १३४.६ आणि १५७.४. एकही ठिपका बाहेर नाही. तरी १५६ येतो आणि १३८ही येतो.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवडीची सुट्टी. आज निम्मे लोक निळे-हिरवे कान घेऊन कामावर.

वीस ठिपक्यांना दोन रंग दिले. दिवसपाळी-रात्रपाळी: काही नाही. कॉइलची बॅच: काही नाही. बरची उंची: पत्त्या मायक्रोमीटरखाली धरल्या, २० मायक्रॉनच्या आत. मग टेबल. स्टॅकिंगला दोन टेबलं आहेत. एक नंबरच्या नगांची सरासरी १४३, दोन नंबरची १४९. दोन नंबरवर मामांची टोळी.

म्हणजे १२ फेब्रुवारीला मी बरोबर होतो? मनाला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू. मग वाटलं, टेबल आणि टोळी एकमेकांना चिकटलेले आहेत. कोण कोणाचं पाप भोगतंय हे या आकड्यांवरून कळणार नाही.

१७ मार्च, सोमवार

टोळ्यांची अदलाबदल. मामा एक नंबरवर, तरुण पोरं दोन नंबरवर. एक आठवडा. मामांना कारण सांगितलं. ‘बरं’ म्हणाले.

२४ मार्च, सोमवार

माणसं बदलली, आकडा टेबलापाशीच राहिला. एक नंबरवर मामांच्या नगांची सरासरी १४२. दोन नंबरवर पोरांची १५०.

२६ मार्च, बुधवार

आज काहीतरी वेगळं शोधताना नोव्हेंबरची शिफ्टवही उघडली. मामांच्या अक्षरात, पेन्सिलीने: ‘टेबल २ वर पत्ती बसत नाही. स्टॉपर बघावा.’ डिसेंबरमध्ये पुन्हा. जानेवारीत फक्त ‘टेबल २, तेच.’ प्रत्येक पानाखाली तपासल्याची सही आहे. दोन ठिकाणी माझी.

२९ मार्च, शनिवार

टेबल रिकामं करून मोजमाप. काय घडतं ते नीट लिहितो, कारण पुढच्या वर्षी नवा माणूस आला की पुन्हा हेच विचारेल.

०.२३ मिमी जाडीच्या पत्त्या, टोकं ४५ अंशांत कापलेली. आडव्या टेबलावर खालचा योक (कोअरची आडवी बाजू) आणि तीन उभे लिंब (कोअरचे खांब) रचत जायचे. सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून प्रत्येक थर थोडा सरकवायचा, म्हणजेच स्टेप-लॅप. पत्त्यांची टोकं ज्या आधाराला टेकतात तो स्टॉपर. दोन नंबरवरचे मधले दोन स्टॉपर वर्षानुवर्षं पत्तीच्या धारेने खाल्ले गेले आहेत, त्यांना खाच पडली आहे. काही थर खाचेत जाऊन टेकतात, काही बाहेर. गेज घालून पाहिलं, कोपऱ्याच्या सांध्यात काही ठिकाणी एक मिलिमीटरच्या वर फट. एक नंबरवर जेमतेम पाव.

फटीत हवा. फ्लक्स हवेतून जायला कंटाळतो, शेजारच्या पत्तीत उडी मारतो, तिथे गर्दी होते आणि तिथला लॉस वाढतो. एवढ्यावर भागत नाही. पुढे कोअर उभा करतात, कॉइल चढवतात आणि वरचा योक हाताने भरतात. खाली काटकोन चुकलेला असेल तर वरची पत्ती सरळ बसत नाही, मग हातोडी. नायलॉनची असली तरी हातोडीच. सीआरजीओ पोलाद दुखऱ्या दातासारखं असतं. त्याचे कण एका दिशेने रचलेले असतात, वाकवलं-ठोकलं की आत ताण बसतो आणि अ‍ॅनिलिंगने कमावलेलं निम्मं तिथेच जातं. दोन नंबरवर ठोकाठोक जास्त ऐकू येते हे मलाही आठवतं. मला वाटायचं मामांचा हात जड आहे.

उद्या पाडवा. नवीन ट्रेनीने स्टोअरच्या यादीत ‘लिंबाच्या पत्त्या, १ गठ्ठा’ असं लिहिलेलं वाचून स्टोअरवाले भाऊ गंभीरपणे विचारत होते, गुढीला लावायच्या की कोअरला.

२ एप्रिल, बुधवार

दोन्ही टेबलांचे स्टॉपर बदलले. टूलरूमने कडक पोलादाचे करून दिले, चार बाजूंनी वापरता येतील असे चौकोनी, एक बाजू झिजली की फिरवायची. झीज डोळ्यांनी शोधायची नाही. एक पट्टी करून घेतली, ती स्टॉपर आणि टेबलाच्या मधून गेली नाही पाहिजे. गेली तर काम सुरूच करायचं नाही. सकाळी अर्ध्या मिनिटाचं काम.

जपानी उत्पादनतज्ज्ञ शिंगो यांची एक हकिगत नेहमी सांगतात, तीही विजेच्याच कारखान्यातली. १९६१, जपानमधली यामादा इलेक्ट्रिक. एका छोट्या स्विचच्या दोन बटणांखाली बायका दोन स्प्रिंगा बसवायच्या, कधीमधी एक राहून जायची. कारखानदार ‘लक्ष द्या’ म्हणून थकले. शिंगोंनी फक्त एक बशी ठेवायला सांगितली. आधी दोन स्प्रिंगा बशीत, मग बसवायच्या. बशीत एक उरली की समजायचं काय राहिलं. आपली पट्टी म्हणजे ती बशीच.

दुसरी गोष्ट मामांनी सुचवली. गठ्ठा सुटायच्या आधी त्याच्या कडेवर रंगाची तिरकी रेघ ओढायची. रचताना एक थर उलटसुलट झाला की रेघ तुटलेली दिसते. खर्च: एक ब्रश.

४ एप्रिल, शुक्रवार

शिफ्टवहीबद्दल मामांशी बोललो. १२ फेब्रुवारीच्या मीटिंगबद्दलही. मीटिंग सगळ्यांसमोर झाली होती, म्हणून हेही सगळ्यांसमोर, सकाळच्या हजेरीला. मामा म्हणाले, ‘साहेब, वही भरायची असते म्हणून भरतो. वाचायची असते हे आम्हाला कुठं माहीत होतं.’ पोरं हसली. मी पण हसलो, पण लागायचं ते लागलं.

वहीत आजपासून एक नवा रकाना आहे: ‘काय केलं’. तो मी भरायचा. तीन दिवसांत रिकामा राहिला तर मामांनी माझ्या टेबलावर वही आणून आपटायची, असं ठरलंय.

२१ एप्रिल, सोमवार

स्टॉपर बदलल्यानंतरचे २२ नग. सरासरी १४१. फरकांची सरासरी २.७. रेषा १३३.८ आणि १४८.२. टेबलांचे दोन रंग आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, वेगळे ओळखता येत नाहीत.

सर्वांत वरचा नग १४७. अर्ध्या लोडला १४७ + ३१० = ४५७. मर्यादेपासून १८ वॅट लांब. साहेबांनी लगेच विचारलं, मग आता पत्त्या कमी करता येतील का? येतील. पण डिझाइन बदलून, एकदाच, सगळ्या नगांना सारख्या. नगागणिक नाही. ते डिझाइनवाल्यांकडे पाठवलं.

हातोडीचा आवाज कमी झालाय. वाइंडिंगमधल्या ताया म्हणतात, आता रेडिओ ऐकू येतो.

३ मे, शनिवार

काही नाही. तीन नग: १४०, १४३, १३९.

९ मे, शुक्रवार

सकाळी देखभालीसाठी लाइट बंद होती. डीजीवर (डिझेल जनरेटर) टेस्टिंग चालू ठेवलं. दुपारी मामा स्वतः टेस्ट शीट घेऊन आले. दोन नंबर टेबलाचा नग, १३२. खालच्या रेषेच्याही खाली.

प्रॉडक्शनमध्ये आनंदीआनंद. कोणीतरी पेढ्यांची भाषा करत होतं. मामा म्हणाले, ‘हे आमचं नाही. आमचा हात एवढा चांगला नाही. आधी बघा.’

बघितलं. वजन बरोबर, पत्त्या मोजून बरोबर. व्होल्टेज सरासरी मीटरवर ४३३, दुरुस्तीही केलेली. ताईने अ‍ॅनलायझरची पानं उलटता उलटता फ्रिक्वेन्सीवर बोट ठेवलं: ५०च्या जागी ५२. डीजीवर बाकी लोड नव्हता, इंजिन जरा जोरात पळत होतं. व्होल्टेज तेच आणि फ्रिक्वेन्सी जास्त, म्हणजे फ्लक्स खाली. वेगामुळे लॉस थोडा वाढतो, पण फ्लक्स उतरल्याने त्याहून जास्त घटतो. संध्याकाळी लाइट आल्यावर तोच नग पुन्हा मोजला: १३८.

टेस्ट शीटवर फ्रिक्वेन्सीचा रकाना वाढवला. डीजीवर कोअर लॉस मोजायचा नाही. आज सकाळी मोजलेले आणखी चार नग परत बेंचवर घ्यायचे आहेत, त्यातले दोन तेल भरून टाकीबंद झालेत. वहीत मामांनी लिहिलंय, ‘९ मे, १३२, मीटर बघावा.’ समोरचा रकाना आजच भरला.